बदली माणूस

इथे आखातात, अल मजाजच्या आमच्या टॉवरमध्ये, समोरच्या फ्लॅटमध्ये मैमुनाबी तेरा वर्षं राबते आहे. श्रीवर्धनहून आली तेव्हा तिची जैनब सहा वर्षांची होती. त्या घरची हव्वाबी तिची लांबची नातेवाईक, त्यामुळे मोलकरीण हा शब्द तिथे कुणी काढत नाही. मैमुनाबी ‘घरचीच’. घरच्या माणसाला सुट्टी कशाला लागते? पासपोर्ट मात्र हव्वाबीच्या नवऱ्याच्या, जहूरभाईंच्या कपाटात, कुलपात. हरवू नये म्हणून, असं ते म्हणतात.

या ‘घरची’ची मला भयंकर चीड येते. पण तेरा वर्षं मी त्यांच्याकडची बिर्याणी खाल्ली आणि तोंड उघडलं नाही, हेही सांगून टाकते.

ईद झाल्यावर मैमुनाबीने हिय्या करून कायमचं घरी जायचं म्हटलं. जहूरभाई नाही म्हणाले नाहीत. बदली माणूस दे आणि जा, म्हणाले. माणूसही त्यांनीच सुचवलं, जैनब. मैमुनाबीने विचार करायला चार दिवस मागितले, तोवर हव्वाबीने परस्पर गावी फोनसुद्धा केला.

शुक्रवारी दुपारी मी त्यांचा डबा परत द्यायला गेले, तेव्हा जैनबचा व्हिडिओ कॉल चालू होता. फोन हव्वाबीच्या हातात. पोरगी हरखून गेली होती. पासपोर्टसाठी फोटो काढून आले, म्हणाली. मग तिने विचारलं, “अम्मी, आपण दोघी एकाच खोलीत झोपायचं ना?”

ती आली की अम्मी जाणार, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

“बघा, किती एक्सायटेड आहे,” हव्वाबी मला म्हणाली. “इन्शाल्ला, दोन महिन्यांत व्हिसा.”

मैमुनाबीने ओले हात पुसले आणि फोन घेतला.

“येऊ नकोस,” ती म्हणाली. “मला आता तुझी सवय राहिली नाही. मी इथे एकटीच बरी आहे.”

जैनबने फोन कट केला. हव्वाबी तणतणत आत गेली.

संध्याकाळी मैमुनाबी कचरा टाकायला बाहेर आली. खरं काय ते पोरीला का सांगितलं नाहीस, असं मी तिला विचारलं.

“खरं सांगितलं असतं,” ती म्हणाली, “तर माझी सुटका करायला धावत आली असती ती.”

त्याला आता पाच शुक्रवार झाले. मैमुनाबी दर वेळी फोन लावते. जैनब उचलत नाही.