ताईची मंतरलेली साखर

सकाळी सातपासून ताईच्या दारात बायकांची रांग लागायची. ताई डोळे मिटून प्रत्येकीच्या जिभेवर चिमूटभर साखर ठेवायची. "मी देत नाही, माझ्या हातून दिलं जातं," ती म्हणायची. "शंका घेतली की गुण जातो."

बायका खरंच बारीक होत होत्या. उपास नाही, व्यायाम नाही. हे मी छातीठोकपणे सांगायचे, कारण मी शिवणकाम करते. मापं माझ्याच वहीत होती. ताई माझी सख्खी मोठी बहीण. आई गेल्यावर तिनंच मला वाढवलं. मीही रोज तिची साखर घ्यायचे आणि गिऱ्हाइकांना तिच्याकडे मीच पाठवत होते.

माझ्याकडे काज-बटणाला येणारी बाई दोन महिन्यांत आठ किलो उतरली. मग तिला सुईत दोरा ओवता येईना. हात थरथरायचे, घाम थांबायचा नाही. ताई म्हणाली, "चरबी वितळतेय, चालायचंच." एका दुपारी ती काज-बटणवाली छाती धरून मशीनजवळच कोसळली.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी तिचं रक्त तपासलं. "थायरॉइडचं संप्रेरक भलतंच वाढलंय. बाहेरून जात असावं. काय घेतात ह्या?"

"नुसती साखर," मी म्हणाले.

"गळ्यात पुढच्या बाजूला फुलपाखरासारखी एक ग्रंथी असते," त्या म्हणाल्या. "शरीरानं किती वेगानं चालायचं, ते तिचं संप्रेरक ठरवतं. ते कमी पडलं की माणूस सुस्तावतो, सुजतो. अशांना आम्ही रोज उपाशीपोटी मोजून गोळी देतो. धडधाकट माणसाला तीच भरमसाट दिली, तर वजन उतरतं खरं. पण स्नायू झिजतात, हृदय ऊर फुटेस्तोवर धावतं. जीवही जातो."

उपाशीपोटी गोळी. ताई ती दहा वर्षं घेत होती.

मी तडक तिच्या स्वयंपाकघरात गेले. मिक्सरच्या भांड्यात पांढरी भुकटी होती आणि साखरेच्या डब्यामागे गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटांचा ढीग.

"ताई, मलाही हेच दिलंस?"

"तुला कमी द्यायचे," ती शांतपणे म्हणाली. "आणि सैल झालेले कपडे आत घ्यायला तुझ्याकडे रीघ लागली, तेव्हा नाही विचारलंस."

भुकटी पुडीत बांधून मी डॉक्टरीणबाईंना दिली. तपासणीत त्याच गोळ्या निघाल्या. काज-बटणवाली वाचली, पण अजून जिना चढताना तिला मध्येच बसावं लागतं.

रांगेतल्या बायकांना मी सगळं सांगितलं. काहींनी मलाच शिव्या घातल्या. तरी सांगत राहिले, आताही सांगते: पोटात काय जातंय ते विचारा, तपासून घ्या, देणारी सख्खी बहीण असली तरी. मी विचारलं नव्हतं, कारण ती माझी ताई होती.