पाठीवरचं ठिगळ

अड्याळच्या शाळेत त्र्याऐंशी साली फोटोंचं प्रदर्शन लागलं आणि ते समजावून सांगायला नागपूरहून एक प्राध्यापक आले. सगळे फोटो बहात्तर सालचे, बांगलादेशची लढाई संपल्यावर गावोगावच्या रस्त्यांवर काढलेले. आपलं गाव फोटोत आहे म्हटल्यावर मीही बायकोला, गिरजाला, घेऊन गेलो. जायला नको होतं.

आमच्या गावच्या फोटोत रेशन दुकानासमोर डब्यांची लांबलचक रांग होती. माणूस एकच, तोही पाठमोरा, वाकलेला. प्राध्यापकांचा आवाज भरून आला. ही लढाईनंतरची पोकळी आहे, ते म्हणाले. माणसं हरवली, रिकामी भांडी उरली, आणि हा एकटा देशाचं ओझं घेऊन वाकला आहे.

मागून आमच्याच गावची म्हातारी चंद्रभागाबाई म्हणाली की माणसं काही हरवली नव्हती, बाजूच्या कडुनिंबाखाली तंबाखू मळत बसली होती. लढाईपायी रॉकेल मिळेना, म्हणून पहाटेच डबा ठेवून नंबर लावायचा. प्राध्यापकांनी ते वहीत लिहून घेतलं. माणूस भला होता.

मी मात्र घामाघूम झालो, कारण तो वाकलेला माणूस मी होतो. एका हातात आमचा चिंधी बांधलेला डबा आणि दुसऱ्या हातात शेजारच्या शकुबाईचा.

त्या दिवशी गिरजा नंबर लावून, मला राखणीला बसवून स्वयंपाकाला गेली. आमच्या मागेच शकुबाईचा डबा होता. तिची सून आदल्याच दिवशी बाळंत झालेली. आमचा नंबर आला तेव्हा, रॉकेल आता एकाच डब्यापुरतं उरलंय, असं दुकानदार माझ्या कानात म्हणाला. बाळंतिणीच्या खोलीत दिवा नको का? मी डबे बदलले. घरी जाऊन सांगणार होतो, पण आमचा डबा रिकामा आणि मागच्या शकुबाईचा भरलेला पाहताच गिरजाचा तोफखाना सुरू झाला. शकुबाईनंच लबाडी केली असं तिनं ठरवून टाकलं आणि भिंतीला भिंत लागून असताना बोलणं बंद केलं. मी म्हटलं, झाकली मूठ सव्वा लाखाची. ती अकरा वर्षं झाकलेलीच राहिली.

आता गिरजा फोटोच्या अगदी जवळ गेली. चेहरा दिसत नव्हता, म्हणून मला थोडी आशा होती. पण सदऱ्याच्या पाठीवर तिच्याच फुलाफुलांच्या लुगड्याचं ठिगळ होतं, आणि असा शूर सदरा पंचक्रोशीत दुसऱ्या कुणाचा नव्हता.

"साहेब," ती म्हणाली, "हे देशाचं वझं नाही. हे आमच्या घरचे होत, डबे बदलून राहिले."

सगळे हसले. मीही हसून पाहिलं. दोन ओळी पुढे बसलेली शकुबाई तेवढी हसली नाही.

वाटेत मी सगळं कबूल केलं आणि शिव्यांची वाट पाहत खाली मान घालून चालू लागलो. गिरजा थांबली. तिचे डोळे भरले होते.

"मले काहून नाही सांगतलं? मीच उचलून पुढं ठेवला असता तिचा डबा. एवढी बी वळखली नाही तुमी मले?"

डोळे पुसत ती तरातरा चालू लागली. ती आमच्या दारावरून पुढे गेली आणि शकुबाईची कडी वाजवली. दार नातीनं उघडलं, त्याच बाळंतपणातली पोर. गिरजा तिच्याकडे पाहतच राहिली. भिंतीपलीकडून तिचं रडणं, हसणं, पाढे सगळं ऐकलं होतं, पण एकदाही कडेवर घेतलं नव्हतं. आता ती गिरजाच्या खांद्याला लागत होती.