एकशेदहाची खूण

सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी ट्रॅक्टर तिसऱ्यांदा बंद पडला. घर आणि मोठा रस्ता यांच्यामधल्या वाटेवर, बरोबर मध्यावर. मागे जोडलेल्या बर्फ काढायच्या यंत्रातून उडणारा फवारा हवेतच तुटला आणि खाली बसला. आर्विड साल्मेलाने पुन्हा किल्ली फिरवली नाही. हातमोजा दातांनी ओढून काढला, खिशातला फोन बाहेर घेतला आणि धाकट्या भावाला लावला.

रुडी पावणेआठला पोचला. दोन घरांत अंतर अर्ध्या मैलाचं. गेले वीस हिवाळे रुडीची वाट, शेजारच्या म्हाताऱ्या मिसेस पेल्टोची वाट आणि मग स्वतःची वाट, या क्रमाने आर्विडच बर्फ काढत आला होता. यंदा तो क्रम उलटा झाला होता. रुडीला गुडघाभर बर्फातून यावं लागलं, हत्यारांची पेटी नातवाच्या घसरगाडीवर ठेवून ओढत. वाटभर तो एकाच गोष्टीचा विचार करत होता. आर्विडने फोन केला होता. छपरावरून पडून बरगडी मोडली तेव्हाही आर्विडने फोन केला नव्हता.

"एकतीस वर्षं ट्रॅक्टर दुरुस्तीचा पगार खाल्लास," आर्विड सीटवरूनच म्हणाला. "बघू काही शिकलास का ते."

"काय होतंय?"

"उंचवट्यावरून गेलं की मरतं. सपाटीवर चालतं."

रुडीला तेवढं पुरेसं होतं. मागचं यंत्र फिरत असताना चालक सीटवरून उठला तर इंजिनाने आपोआप बंद पडावं, यासाठी सीटखाली अंगठ्याएवढा स्विच असतो. भार आला की तो दाबला जातो, भार गेला की सुटतो. तरीही त्याने शिरस्ता सोडला नाही. आधी क्लचच्या पेडलचा स्विच तपासला, मग मागचं यंत्र फिरवणाऱ्या पीटीओच्या दांड्याचा, मग तारा. उंदरांनी कुठे कुरतडलं नव्हतं. बॅटरीची टोकं स्वच्छ होती. शेवटी सीट पुढे कलवून त्याने खालच्या स्विचला मीटर लावला आणि बोटाने दाबला. मीटर वाजला. सोडला, थांबला. दहा वेळा दाबला, दहा वेळा वाजला. स्विच ठीक होता.

"स्विच वगळून तार जोडून टाक ना," शेजारी उभा राहिलेला आर्विड म्हणाला. "पलीकडच्या हाइक्किनेनने सहा वर्षांपूर्वी आपल्या ट्रॅक्टरची दोन्ही टोकं जोडलीत. आहे की जिवंत."

"त्यात त्याच्या अकलेचा काही हात नाही."

आर्विड हसला. त्यांच्या वडिलांचा उजवा हात असल्याच एका फिरत्या शाफ्टमध्ये गेला होता, असे स्विच निघण्याच्या आधीच्या काळात. इंजिन बंद करायला आर्विड धावला होता. रुडीने नोकरीच्या अख्ख्या काळात कुणाच्या सांगण्यावरून अशी तार जोडली नव्हती, आणि हे आर्विडइतकं कुणाला ठाऊक नव्हतं.

रुडी स्वतः सीटवर चढला. बसताच सीट त्याच्याखाली थेट तळाला जाऊन टेकली. माकडहाडाला धक्का बसला. त्याने भुवया उचलल्या. यंत्र सुरू केलं, त्याच उंचवट्यावरून दोनदा गेला, तिसऱ्यांदा मुद्दाम जोरात गेला. इंजिन एका लयीत चालत राहिलं.

"तुला घाबरतं," आर्विड म्हणाला. "मला ओळखून आहे."

आर्विडची बायको मारियन थर्मासमधली कॉफी आणि वेलदोड्याच्या पावाचे दोन जाड तुकडे घेऊन बाहेर आली. सापडलं का, एवढंच तिने दिराला विचारलं. त्याने मान हलवली. ती कप हातात देऊनही क्षणभर तिथेच उभी राहिली, मग आत गेली. आर्विडने पावाचा एक घास घेतला आणि उरलेला तुकडा कोटाच्या खिशात ठेवला.

रुडी पुन्हा बर्फात गुडघ्यांवर बसला. सीटच्या स्प्रिंगला एक गोल खुंटी असते. चालकाच्या वजनाप्रमाणे ती फिरवायची. बाजूला आकडे कोरलेले असतात, एकशेदहा पौंडांपासून दोनशे पासष्टपर्यंत. ट्रॅक्टर नवा आला त्या दिवशी रुडीनेच ती दोनशेवीसवर आणून पिवळ्या रंगाची रेघ मारली होती. रेघ जागेवर होती. खुंटीचा काटा तिथे नव्हता. तो एकशेदहावर होता, अगदी तळाला. त्याहून कमी वजनाची खूणच नव्हती. खुंटीच्या आट्यांवरचा गंज पुसलेला होता आणि तिथे नवं ग्रीस होतं, आर्विड लावायचा तसं, बेताचं, पुसून घेतलेलं. स्प्रिंग इतकी सैल करूनही उंचवट्यावर त्याचा भार स्विचला पुरत नव्हता.

नाताळापासून आर्विड शनिवारी रुडीकडे सौनाला, वाफेच्या अंघोळीला, आला नव्हता. पन्नास वर्षांत न चुकलेली वाफ. पहिल्या शनिवारी गुडघा दुखत होता. मग सर्दी. मग टीव्हीवर हॉकी. जाड कोटात माणूस हिवाळाभर तेवढाच दिसतो. सौनाच्या फळीवर कोट नसतो.

रुडीने खुंटीवरून अंगठा फिरवला. उठताना त्याने सीटचाच आधार घेतला.

"स्विच गेलाय," तो म्हणाला.

मीटरचा आवाज मोठा होता, आणि आर्विडचे कान शाबूत होते. "मग?"

"नवा मागवावा लागेल. हिवाळ्यात वेळ लागतो त्यांना. तोवर सकाळी मी येत जाईन. तिन्ही वाटा काढेन."

आर्विडने ट्रॅक्टरकडे पाहिलं, मग भावाकडे. "गेलेला स्विच तुझ्याखाली कसा काय चालतो?"

"मी जाडा आहे."

आर्विडच आधी हसला. मग हसू थांबलं आणि त्याने तोंड रस्त्याकडे वळवलं. सरोवरावरून पुन्हा बारीक बर्फ यायला लागला होता.

"शनिवारी सौना तापवणार आहेस का?" त्याने तिकडेच पाहत विचारलं.

"दर शनिवारी तापवतो."

"येईन म्हणतो."

त्या शनिवारी रुडीने चारला सौनाची चूल पेटवली. साडेपाचला मारियन आर्विडला दारापर्यंत सोडून गेली. तो टॉवेल गुंडाळून आत आला आणि, आयुष्यात पहिल्यांदा, वरच्या फळीवर न चढता खालच्या फळीवर बसला. रुडीने त्याच्याकडे पाहिलं, पाहणं टाळलं नाही. मग वरून उतरून तो शेजारी बसला आणि तापल्या दगडांवर नेहमीच्या निम्मंच पाणी टाकलं. मंगळवारी शहरातल्या मोठ्या इस्पितळात जायचंय, असं आर्विडने सांगितलं. किती वाजता निघायचं, एवढंच रुडीने विचारलं.

मार्चच्या नऊ तारखेपर्यंत बर्फ आणखी अकरा वेळा पडला. सकाळी सहाला रुडी ट्रॅक्टरवर बसतो, उंचवटा आला की माकडहाडाला धक्का खातो, आणि खिडकीत उभा असलेला आर्विड त्याला वळण चुकल्याच्या खुणा करतो. स्विच अजून मागवलेला नाही. खुंटी आर्विडच्या एकशेदहावरच आहे.