माझ्या माथी आलेलं विष

मित्रांनो, मी एक म्हातारा होस्टा आहे, सुपाएवढ्या पानांचं एक रोप. जपानच्या उत्तरेला, बर्फाच्या मुलखात, एका घरामागे देवदारांच्या सावलीत राहतो.

लग्नाच्या वर्षी तोमेकिचीने मला डोंगरातून पाठीवर वाहून आणलं. भर उन्हात माझी पानं करपतात, म्हणून त्याने ही ओलसर सावली निवडली आणि कुजका पाला घालून मला पोसलं. बर्फ वितळला की मला कोंब फुटायचे. त्यांना इकडे उरुई म्हणतात. त्याची बायको किनू निम्मे कापायची, निम्मे मला ठेवायची. मिसो, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनची खारट चटणी, लावून ते खाल्ल्याशिवाय तोमेकिचीचा वसंत सुरू होत नसे.

सावलीतला बर्फ मात्र उशिरा जातो. एका वर्षी त्याला धीर धरवेना.

"अगं, कोंब कधी? जिभेला बुरशी आली माझ्या!"

"तुमच्या जिभेसाठी बर्फ घाई करणार आहे का?"

किनू हसली खरी, पण टोपली घेऊन उन्हातल्या ओढ्याकाठी गेली. तिथले कोंब दिसायला माझ्यासारखेच, पण विषारी होते. तिची दाढ दुखत होती, म्हणून तिने खाल्ले नाहीत. दुसऱ्या दिवशी तोमेकिची गेला.

लोकांनी विचारलं, कोंब कुठले? घाबरून किनू बोलून गेली, "घरामागचे." मी तेव्हा हातभर बर्फाखाली होतो. पाहायला कोणी आलं नाही.

त्यानंतर मला सुरी लागली नाही. दर वसंतात माझ्यापाशी कोणीतरी उकिडवं बसतं. वारा नसताना एक पान वाकतं, पण पाऊल उमटत नाही. मला भीती वाटते आणि त्याची आठवणही फार येते. किनू दारातूनच त्या पानाकडे बघते आणि आत जाते.

यंदा मुलगी साचिए फावडं घेऊन आली.

"आई, बाबांचा जीव घेतला याने, आणि तू अजून पोसतेस? आज उपटतेच!"

पहिला घाव मुळांवर बसला. किनू अनवाणी धावत आली.

"थांब! याने नाही गं मारलं. मी ओढ्यावरून आणले होते. नऊ वर्षं खोटं बोलले मी."

साचिएने फावडं खाली ठेवलं. मग म्हणाली, "कोंब काप. पण आधी मला फरक दाखव."

किनूने कोंब उलगडला. "ही बघ मधली जाड शीर. त्या विषारी पानाला ती नसते. ठाऊक होतं मला. त्या दिवशी घाईत पाहिलंच नाही."

कोंबांची एक वाटी तोमेकिचीच्या तसबिरीपुढे गेली. दुसरीतलं त्या दोघींनी रडत रडत खाल्लं. संध्याकाळी माझं वाकलेलं पान हळूच सरळ झालं.

मित्रांनो, सुरी चालवण्याआधी पान उलगडून बघा. चूक झालीच, तर ती मुक्याच्या माथी मारू नका. आता माझ्यापाशी कोणी बसत नाही. तरी वारा पडला की मी तोमेकिचीची वाट बघतो.