तिघांच्या मापाचं घर

घरात तिघं जण असले की चारुशीला खैरनारला दार सापडत नसे. दाराच्या जागी भिंत असे, आणि भिंतीला आर्किटेक्ट दातार मॅडमनी निवडलेला तोच राखाडी रंग, ज्याची सगळ्या कॉलनीने तारीफ केली होती. आतून मात्र दार सताड उघडं असायचं. सासरे नाना आतून म्हणायचे, "ये ना गं, उन्हात कशाला उभी?" आणि ती भिंतीवरून हात फिरवत राहायची. तिघांपैकी कुणी एक बाहेर पडलं की त्याच्या पाठीमागे दार उघडं राहायचं आणि ती आत जायची. ती पोळ्या लाटत असताना तिसरं माणूस घरी परतलं, तर पुढच्या क्षणी ती लाटण्यासकट बाहेर असायची. वास्तुशांतीच्या दुसऱ्या दिवसापासून हे असंच होतं आणि महिन्याभरात सगळ्यांच्या अंगवळणी पडलं होतं.

पाहुणे कितीही आले तरी घराची हरकत नसायची, कारण पाहुणे जातात. एकदा शेजारच्या बायका घर बघायला आल्या, तेव्हा चारुशीला हातात पर्स घेऊन त्यांच्यात मिसळून आत गेली. रमाकांतने, म्हणजे तिच्या नवऱ्याने, ट्रेमधून सगळ्यांना पाणी दिलं, तिलाही दिलं. तिने घर छान आहे म्हणून सांगितलं. बायका उठल्या तशी तीही उठली.

चूक तिचीच होती, असं ती स्वतःच सांगायची. दातार मॅडम नाशकात नावाजलेल्या होत्या त्या एकाच गोष्टीसाठी: त्या आधी माणसं मोजत आणि मग भिंती. पहिल्यांदा आल्या त्या सकाळी हॉलमध्ये रमाकांत नळांची पुस्तकं चाळत होता, लेक केतकी फोनवर कुठल्यातरी घराच्या मागच्या बागेचे फोटो दाखवत होती आणि नाना देवघराचं काय, देवघराचं काय, म्हणून सगळ्यांचं डोकं खात होते. चारुशीला स्वयंपाकघरात पोहे परतत होती. मॅडमनी तिथूनच विचारलं, "काकू, घरात माणसं किती?"

तिने अंगठा बोटाच्या पेरांवरून फिरवला. अठ्ठावीस वर्षं पोहे, शिरा, पोळ्या, सगळं ती असंच मोजत आली होती. नाना, हे, केतकी. एका बोटाची पेरं तीन. "तीन," ती म्हणाली आणि कढईवर झाकण ठेवलं. तिचं स्वतःचं कढईत जे उरेल त्यात भागायचं, ते कधी मोजावं लागलंच नव्हतं. हॉलमध्ये कुणीही मान वर केली नाही.

घर देखणं झालं, यात वादच नाही. चपलांचे तीन कप्पे, टॉवेलला तीन खुंट्या, जेवणाच्या टेबलाला तीन खुर्च्या, आणि त्या खुर्च्या अशा की ज्याची त्याने बसून बघावी, पाठ आपोआप सैल पडायची. रमाकांतची कंबरदुखी गेली. नानांचा हात न ताणता गीतेपर्यंत पोचायला लागला.

चारुशीलाचा मुक्काम परसात पडला. तिथे अजून जुनी धुण्याची फरशी होती, नळ होता, कढीपत्ता होता, कपड्यांची दोरी होती. ती फरशीवर बसून भाजी निवडायची, आणि खरं सांगायचं तर तिथे तिला बरं वाटायचं. ते बघून केतकीला वाईट वाटलं. पोरगी मायाळू होती. ती म्हणाली, "आई, तू इतका वेळ मागे असतेस तर मागचंही छान करून घेऊ. खास तुझ्यासाठी."

दातार मॅडमनी परसाचा नकाशा आणला. मागची भिंत काढायची, तिथे घडीची काच लावायची, आतली लादी तशीच बाहेरपर्यंत न्यायची. लाकडी ओटा, बांबू, दगडातून झुळझुळणारं पाणी, वेताच्या तीन खुर्च्या. "आत आणि बाहेर असं काही राहणारच नाही, काकू," मॅडम म्हणाल्या. शब्दाच्या पक्क्या होत्या त्या. काचेचा शेवटचा भाग बसला तेव्हा चारुशीला कढीपत्ता तोडत होती. काच सरकून जागेवर आली आणि ती कंपाउंडच्या मागच्या गल्लीत उभी होती, हातात डहाळी घेऊन. थोड्या वेळाने मजुरांनी जुनी फरशीही गल्लीतच आणून टाकली.

आता घर आणि परस मिळून एकच होतं, आणि त्या एकात तिघंच मावत होते. त्यात ते इतकं सुखाचं झालं होतं की कुणाचा पायच बाहेर निघेना. केतकीने ऑफिसचं काम घरून घेतलं. रमाकांतने फिरायला जाणं सोडलं, झुळझुळ पाण्याभोवतीच फेऱ्या मारू लागला. चारुशीलाचा संसार गाडीत आला. गाडी रस्त्यावर उभी असायची आणि पाच जणांची होती, त्यामुळे तिथे काही अडचण नव्हती.

फक्त नाना रोज दहा वाजता काठी टेकत बाहेर यायचे, समोरच्या मोरीच्या कठड्यावर बसायचे आणि म्हणायचे, "जा, तासभर पड जाऊन." ती आत जाऊन स्वयंपाक करायची. खिडकीतून तिला त्यांची पांढरी टोपी उन्हात दिसायची आणि हात चालेनासा व्हायचा. चौऱ्याऐंशी वर्षांचा माणूस. भाजीला फोडणी देऊन ती धावत बाहेर यायची आणि त्यांना आत पाठवायची. तासभर ती कधीच पडली नाही.

शेवटी तिने रमाकांतला सांगितलं, पुढच्या खिडकीच्या काचेपलीकडून, खुणा करून आणि ओरडून. तो वाईट माणूस नव्हता. त्याने नीट ऐकून घेतलं. "मग तेव्हाच सांगायचंस ना," तो म्हणाला, आणि त्याने मॅडमना फोन लावला. मॅडमचं उत्तर सरळ होतं. एक माणूस वाढवता येईल. एकच, त्यापुढे भिंती ऐकणार नाहीत. आकडा मात्र ज्यांनी पहिल्यांदा सांगितला त्यांनीच सांगायचा. गुरुवारी येते.

चारुशीलाने आठवडाभर तालीम केली. गाडीच्या आरशात बघून ती म्हणायची, चार, चौथी मी. दूधवाल्याला म्हणून दाखवलं, त्याने बरोबर आहे म्हणून मान हलवली. इतका साधा शब्द, पण म्हणताना तिचे कान लाल व्हायचे.

बुधवारी मालेगावहून रमाकांतच्या थोरल्या बहिणीचा, प्रमिलाताईंचा फोन आला. यजमान जाऊन वर्ष झालं होतं, मुलाने फ्लॅट विकला होता, आता त्या कायमच्या येणार होत्या. रमाकांत हे सांगायला मुद्दाम गाडीपाशी आला. दार उघडं होतं, तेवढ्यात तिला आत जाता आलं असतं, पण ती ऐकत उभी राहिली.

"ताईला नाही कसं म्हणायचं?" तो म्हणाला. "तुझ्यावर सोडतो. तू ठरवशील तसं."

तो आत गेला. चारुशीलाला असा संताप आला की तिने गाडीचं दार धाडकन आपटलं. मग तिला केतकीच्या वेळचं बाळंतपण आठवलं. प्रमिलाताईंनी सव्वा महिना तिच्या पायांना तेल चोळलं होतं, एक दिवस चुकवला नव्हता. तरी तिने ठरवलं, मी म्हणायचं. या वेळी मी.

गुरुवारी मॅडमनी गाडीपाशीच वही उघडली. पुढच्या खिडकीच्या काचेआडून तिघंही बघत होते.

"बोला काकू. माणसं किती?"

"चार," चारुशीला म्हणाली. आवाज स्वच्छ आला.

"नावं सांगा."

तिने अंगठा पेरावर ठेवला. नाना. हे. केतकी. बोट संपलं. अंगठा शेजारच्या बोटावर गेला आणि पहिल्या पेरावर थांबला. तिचं तोंड उघडं होतं, शब्द जिभेवर होता.

"प्रमिलाताई," ती म्हणाली.

तिने स्वतःच ते ऐकलं. काचेआड नानांनी डोळे मिटले. मॅडमनी नाव लिहून घेतलं आणि विचारलं, "त्यांचं माप?"

"माझ्याएवढ्याच आहेत."

"मग तुमचंच घेते. सरळ उभ्या राहा."

मॅडमनी टेप तिच्या एका खांद्यापासून दुसऱ्या खांद्यापर्यंत लावली. मग गुडघ्यापासून जमिनीपर्यंत. मग म्हणाल्या, हात वर करा, आणि तिने केला. कुठल्या उंचीची फळी आपल्याला बरी पडते तेही तिने सांगितलं.

प्रमिलाताई रविवारी आल्या. दुपारची जेवणं परसात, बांबूच्या सावलीत करायची ठरली. चारुशीला गल्लीतल्या धुण्याच्या फरशीवर चढली, तेव्हा कुठे तिची हनुवटी भिंतीच्या वर आली. ताई चौथ्या खुर्चीत बसल्या होत्या. खुर्ची त्यांना अगदी मापात बसली होती, हात ज्या त्या जागी टेकले होते. आल्यापासून त्या पहिल्यांदाच हसत होत्या.

केतकी ओट्यावर उभी होती. सवयीने तिने भिंतीकडे बघून विचारलं, "आई, ताटं किती?"

चारुशीलाने भिंतीवर ठेवलेल्या हाताचा अंगठा पेरांवरून फिरवला.

"चार."

केतकीने चार ताटं मांडली. नानांनी घास हातात घेतला आणि तसाच धरून बसले. पायाखालची फरशी थोडी खाली गेली, की भिंत थोडी वर आली, चारुशीलाला कळलं नाही. ती टाचा उंचावून उभी राहिली आणि तिने पुन्हा एकदा सगळ्यांना मोजून घेतलं. कुणी राहिलं नव्हतं.