आवाज नसलेला कॅमेरा

"हनुवटी वर. अजून वर. आता हसू नकोस," असं म्हणत प्रेमराजने डोळ्याला लावलेल्या कॅमेऱ्याचं बटण दाबून धरलं.

खुर्चीत बसलेली नवरी, रूपा, श्वास रोखून वाट बघत राहिली. तिच्या अंबाड्यात पिना खोचणारी बाई म्हणजे प्रेमराजची बायको दिपमाला. तिनेही हात थांबवला. थोडा वेळ खोलीत कुणीच हललं नाही.

"काढला का, भाऊ?" रूपाने ओठ न हलवता विचारलं.

"केव्हाच. पंधरा-वीस निघाले. याला आवाज नसतो." कॅमेरा डोळ्यावरून आणि बोट बटणावरून न काढता तो बायकोशी बोलू लागला. "आणि गालावर एवढं थापलंयस कशाला? या कॅमेऱ्यात सगळं दिसतं. भिंतीला पुट्टी भरावी तसा मेकअप करतेस तू. गावात चालतो म्हणून काहीही करायचं का?"

दिपमालाने मान डोलावली आणि पुढची पिन उचलली. ती नेहमीच मान डोलवायची. आपलं बोलणं तिला पटतं, अशी प्रेमराजची लग्नापासूनची समजूत होती.

प्रेमराजचा एरंडोलात स्टुडिओ होता. धंदा गावातच राहिला, पण त्याचा तोरा पुण्यापर्यंत जाऊन आला होता. तिथे एकदा तीन दिवसांचं शिबिर करून तो परतला, आणि तेव्हापासून त्याला आपल्या भागातल्या लोकांना चेहरेच नसतात असं वाटू लागलं. नवरदेव गॉगल घालून उभा राहिला की तो मनात हसायचा. नवरीच्या मामाने मोबाइलवर काढलेला फोटो कौतुकाने दाखवला की तो तोंडावर हसायचा. स्टुडिओत अहिराणी बोलायला त्याने बायकोला बंदी केली होती. गिऱ्हाइकाला आपण कोण आहोत हे कळलं पाहिजे, असं त्याचं म्हणणं.

हातातला कॅमेरा त्याचा नव्हता. जळगावच्या कॅमेरावाल्या योगराजभाऊंनी तो दोन दिवस वापरून बघायला दिला होता. प्रेमराजचा स्वतःचा जुना कॅमेराही भारीतलाच होता, पण त्याला दहा वर्षं झाली होती, आतला आरसा वरखाली व्हायचा आणि दर फोटोला तो खटकन वाजायचा. नवा अंधारातही बिनफ्लॅशचे लख्ख फोटो काढायचा. माणूस कितीही हलला तरी त्याच्या डोळ्यावरचा फोकस सोडायचा नाही, आणि बटण अर्धं दाबून धरलं की पूर्ण दाबायच्या आधीचा क्षणसुद्धा साठवून ठेवायचा. किंमत सव्वादोन लाख, तीही लेन्सशिवाय, नुसत्या बॉडीची.

तेवढे पैसे घरात होते. पण ते जीवराम आबांच्या गाळ्यासाठी बाजूला ठेवले होते. मेकअपची पेटी घेऊन घरोघर फिरण्यापेक्षा बाजारात स्वतःचं पार्लर असावं, ही दिपमालाची फार दिवसांची इच्छा. आबांनी सोमवारपर्यंत गाळा थांबवून धरला होता. कॅमेरा घेतला की गाळा गेला, इतका साधा हिशोब होता. प्रेमराजने तो तिला एकदाच समजावला होता. "पार्लर काय, पेटीतही मावतं. कॅमेरा मावत नाही." यावरही तिने मान डोलावली होती.

दुपारी लग्न लागलं आणि आहेर सुरू झाला. माइकवरून नावं पुकारली जात होती. टोपी-टॉवेल घेऊन माणसं स्टेजवर चढत होती, आणि नवरा-नवरीच्या दोन्ही बाजूंना उभी राहून प्रेमराजकडे बघत होती.

"काका, पोट आत. अहो, पोट. बाई, पिशवी खाली ठेवा, पिशवीचं लग्न नाहीये."

नवरदेवाची आत्या भिकुबाई नवी साडी नेसून आली. नवरदेवाच्या खांद्यावर तिने हात ठेवला, चेहरा नीट केला आणि फ्लॅशची वाट बघत राहिली. फ्लॅश पडणार नव्हता. प्रेमराजने पुढच्याला खूण केली तरी ती हलेना.

"लाइट नही पडना भो," ती म्हणाली. "निंघना का फोटो?"

"निघाला, आजी. उतरा."

"आवाज बी नही व्हयना. क्यामेरा बिघडेल शे का? तुमना जुना कोठे शे?"

मागची रांग हसली. प्रेमराजला ते हसू कॅमेऱ्यावर आहे की आजीवर, हे ठरवायला वेळ लागला नाही. आजीवरच असणार. "सव्वादोन लाखांचा आहे," तो मोठ्याने म्हणाला. "तुमच्या बैलजोडीपेक्षा महाग." आजी जागची हलली नाही म्हणून शेवटी त्याने पिशवीतून फ्लॅश काढून कॅमेऱ्यावर चढवला आणि उगाचच एकदा चमकवला. आजी समाधानाने उतरली.

वरण-बट्टीच्या पंगतीत त्याने दिपमालाला सांगून टाकलं. "घ्यायचा. या लोकांना नाही कळणार, पण आपल्याला कळतं ना. चांगली कामं मिळतील, जळगाव-धुळ्याची. उद्या एकदा कॉम्प्युटरवर मोठे करून बघतो आणि योगराजभाऊंना फोन करतो."

"बरं," दिपमाला म्हणाली. तिने बट्टी कुस्करली आणि वर तूप ओतून घेतलं. मग ताटात बघतच म्हणाली, "आबांना मग मीच सांगते. उगाच त्यांचं दुसरं गिऱ्हाईक जायला नको."

दुसऱ्या दिवशी सकाळी स्टुडिओचं शटर अर्धं खाली ओढून प्रेमराज कॉम्प्युटरसमोर बसला. फोटो बघून तो खूश झाला. मांडवाच्या कोपऱ्यातला अंधारसुद्धा स्वच्छ आला होता. भिकुबाईच्या साडीतले जरीचे धागे मोजता आले असते. मग सवयीप्रमाणे तो चांगला फोटो निवडण्यासाठी एकामागून एक पुढे जाऊ लागला, आणि तिने चेहरा नीट करण्याआधीच्या फोटोवर थांबला.

भिकुबाई त्याच्याकडे बघत होती. घरी आलेल्या पाहुण्यांचा उर्मट पोरगा घरभर नाचत असतो, आणि पाहुण्यांचं मन राखायचं म्हणून बायका त्याला काही बोलत नाहीत. त्या नुसत्या बघतात. तसं ती बघत होती.

"अडाणी बाई," प्रेमराज पुटपुटला आणि पुढे गेला. पुढे पोट आत घेणारे काका होते. आत घेण्याआधी तेही तसंच बघत होते. पिशवीवाली बाई आपल्या नवऱ्याच्या कानाशी लागली होती, आणि नवरा प्रेमराजकडे बघत हसू दाबत होता. इतकी वर्षं तो यांचे फोटो काढत आला होता. जुना कॅमेरा वर उचलला की लोक सावध व्हायचे, खटक होईपर्यंत तोंडं धरून ठेवायचे, आणि तीच तोंडं त्याला दिसायची. या कॅमेऱ्याने कुणाला सावध केलंच नव्हतं.

त्याने नवरीच्या खोलीतले फोटो उघडले. तिथे तरी रूपा सोडून बाहेरचं कुणी नव्हतं.

रूपाची हनुवटी वर. दिपमालाच्या हातात पिन. भिंतीच्या पुट्टीचं वाक्य कुठे आलं असेल, ते त्याला फोटोवरून बरोबर कळत होतं, कारण तिथे दिपमालाने मान डोलवायला सुरुवात केली होती. डोलवताना ती त्याच्याकडे बघत होती. पिठाच्या गिरणीत दळणाच्या रांगेत बाई उभी असते, गिरणी घरघरत असते, आपला डबा येईपर्यंत थांबायचं असतं. त्या घरघरीकडे कोण कान देतं? रागसुद्धा नव्हता त्या चेहऱ्यावर. राग असता तर प्रेमराजला बरं वाटलं असतं.

पुढच्या फोटोत रूपाने आरशातून दिपमालाकडे पाहिलं होतं आणि खालचा ओठ दातांत धरला होता. दिपमालाची एक भुवई किंचित वर गेली होती. एवढंच. लग्नाला चौदा वर्षं झाली होती, आणि ही भुवई प्रेमराजने कधी पाहिली नव्हती. त्याने फोटो मोठा केला. आणखी मोठा केला. भुवईचा केस न् केस वेगळा दिसत होता. कॅमेरा खरोखरच चांगला होता.

शटरखालून वाकून दिपमाला डबा घेऊन आत आली. प्रेमराजने घाईने फोटो बंद केला.

"कसा शे मंग?" तिने विचारलं. "ठेवाना का परत देवाना?"

स्टुडिओत अहिराणी बोललेलं आज त्याला खटकलं नाही. त्याने फोन उचलला आणि योगराजभाऊंना लावला.

"नाही जमत, भाऊ. कॅमेऱ्याला तोड नाही. पण आमच्याकडच्या लोकांची लायकी नाही तेवढी. आवाज झाल्याशिवाय फोटो निघाला असं यांना वाटतच नाही. हो. उद्याच आणून देतो."

दिपमालाने डब्याचं झाकण काढलं आणि डबा त्याच्यासमोर सरकवला. "मग आबांना काय सांगू?"

"सांग, गाळा घेतोय म्हणून."

ती दोन क्षण त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने मान डोलावली. प्रेमराज चटकन उठला आणि कपाटातून जुना कॅमेरा काढला.

"जरा तिथे उभी राहा. हा नीट चालतोय का बघतो."

ती पडद्यासमोर जाऊन उभी राहिली. न सांगता तिने पदर सारखा केला, हनुवटी वर घेतली आणि हसली. घरातल्या सगळ्या फोटोंमध्ये होतं तेच हसू. प्रेमराजने बटण दाबलं. खटक.

"निंघना?"

"निघाला."

समोर ती अजून उभी होती. प्रेमराज मान खाली घालून कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर हसणाऱ्या दिपमालाकडे बघत राहिला.