बटणच्या पायाचं माप

टेलरबाईंच्या मते जगात दोनच प्रकारची माणसं होती: माप देताना पोट आत ओढणारी आणि पोट आत ओढून ते कबूल न करणारी. जावई यातल्या कशातच बसेना. तो बोलायचाच नाही, आणि न बोलणाऱ्या माणसाचा अंदाज घ्यायचा कसा?

दर रविवारी उजाडायच्या आत तो बाईंच्या कुत्र्याला, बटणला, गावाबाहेरच्या वाळवंटात फिरायला न्यायचा. पूर्वी बाईच न्यायच्या. गुडघ्यांनी असहकार पुकारल्यावर ते काम जावयाकडे आलं. ऊन चढलं की वाळूनं कुत्र्याचे तळवे भाजतात, म्हणून बाईंनी जाड कॅनव्हासचे, रबरी तळाचे चार बूट स्वतः शिवले. तरी गेले तीन रविवार बटण लंगडत घरी येत होता आणि दुपारभर पंजे चाटत बसत होता.

"पाणी कुठंतरी मुरतंय," बाई लेकीला म्हणाल्या. "जावईबापू झाडाखाली लोळत पडत असणार, आणि भर उन्हात परत निघत असणार. त्यांच्या शर्टाच्या खांद्यावर बघ, सगळे कुत्र्याचे केस. उसवलायही तिथंच."

"आई, त्यांनाच विचार ना."

"विचारून कोण खरं सांगतं? गिऱ्हाईकसुद्धा म्हणतं, मी जाड नाही झालो, कापड आटलं."

लेक हसली. बाई हसल्या नाहीत. बटण त्यांना लेकीइतकाच लाडका होता. खरं म्हणजे काकणभर जास्तच, कारण तो उलटून बोलत नसे.

पुढच्या रविवारी त्यांनी बटणच्या पाण्याच्या बाटलीवर खडूनं बारीक खूण केली. बाटली रिकामी परत आली. पण रिकामी करायला काय, वाळूत ओतली तरी होते. शिवाय एका बुटाच्या पट्ट्याला त्यांनी लाल दोऱ्याचा एक टाका घातला होता. बूट काढल्याशिवाय तो तुटलाच नसता. परत आल्यावर बघितलं तर टाका तुटलेला.

म्हणजे हा माणूस मुक्या जिवाला तापल्या वाळूत अनवाणी चालवतो आणि दारात आल्यावर साळसूदपणे बूट चढवतो. आता मुद्देमालासकट पकडायचं, आणि पुन्हा म्हणून बटण त्याच्या हाती द्यायचा नाही, असं त्यांनी ठरवून टाकलं.

नंतरच्या रविवारी जावई गेल्यावर तासाभरानं बाईंनी रिक्षा केली आणि वाळवंटाच्या फाटकाशी, पाण्याच्या टाकीमागे दबा धरून बसल्या. गुडघे ठणकत होते. फिरायला गेलेली माणसं एकेक करून परतली. ऊन टाकीच्या पायापर्यंत सरकलं, तेव्हा लांबून जावई दिसला.

बटण त्याच्या खांद्यावर होता. चांगला बावीस किलोंचा कुत्रा खांद्यावर मान टाकून आरामात येत होता, आणि चारही बूट जावयाच्या गळ्यात लटकत होते. टाकीच्या सावलीत पोचल्यावर त्यानं हाताची पालथी बाजू जमिनीला लावून पाहिली, मगच बटणला खाली ठेवलं. वाडग्यात घोटभर पाणी ओतलं, थोडा थांबला, पुन्हा घोटभर ओतलं. मग त्यानं बूट हातात घेतले. बटणनं पंजा मागे ओढला.

"दे बाबा," जावई म्हणाला. "घरापर्यंतच. आईंनी एवढे मेहनतीनं शिवलेत."

बाई टाकीमागून बाहेर आल्या.

"राहू द्या ते."

जावई दचकला. "आई, तुम्ही इथं?"

"बूट का काढता?"

"चावतात त्याला. सकाळच्या गार वाळूत अनवाणी छान धावतो. परतताना वाळू तापते, मग उचलून घेतो."

"मग मला सांगायचं नाही?"

"तुम्ही आठवडाभर खपत होतात," तो म्हणाला.

बाईंनी पर्समधून खडू काढला. बटणचा पंजा टाकीच्या ओट्यावर नीट टेकवला, भोवतीनं रेघ मारली आणि त्यावर बूट ठेवला. रेघ दोन्ही बाजूंनी बोटभर बाहेर उरली. माप घेतलं तेव्हा बटण त्यांच्या मांडीवर झोपला होता आणि पंजा त्यांच्या हातात, अधांतरी होता. भार पडला की पाऊल पसरतं. "सरळ उभे राहा, अंग चोरू नका, नाहीतर माप चुकेल," हे वाक्य गेली तीस वर्षं त्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवत आल्या होत्या.

त्यांना फार लाज वाटली. बुटांची थोडी, आणि टाकीमागे घालवलेल्या तासाची खूप.

बूट त्यांनी पर्समध्ये कोंबले. जावयानं सवयीनं बटणला उचलून उजव्या खांद्यावर घेतलं.

"त्या खांद्यावर नको," बाई म्हणाल्या. "तो शिवायचाय मला."